तक्ता क्रमांक दोन

पोस्टमनने कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवलं तेव्हा नीला स्टोव्हला पिन मारत होती. दादांना, तिच्या वडिलांना, जाऊन अठरा दिवस झाले होते, आणि या अठरा दिवसांत त्यांच्या नावाने आलेलं हे पहिलंच टपाल. तिने रॉकेलचा हात पदराला पुसला. कार्ड पोलंडहून आलं होतं. तिकिटावर कुठलासा निळा पक्षी. अशा कार्डांवरचा मजकूर छापीलच असायचा, फक्त रिकाम्या जागा टाइप केलेल्या असायच्या, त्यामुळे तो वाचायची तिला गरजही नव्हती: आदरणीय डॉ. ओव्हाळ, आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवल्यास मी अत्यंत आभारी होईन. अमुकच्या जागी १९६७ सालचा तोच लेख होता. चौदा वर्षं झाली तरी तोच. खाली कुणा बाईची सही होती, घाईत केलेली, शेवटचं अक्षर कार्डाच्या कडेबाहेर निघून गेलेलं. नीला कार्ड हातात धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसली. तिला रडू आलं नाही. या अठरा दिवसांत ते येईल येईल म्हणून ती वाट पाहत होती, जशी माणसं नळाला पाणी येण्याची वाट पाहतात, नुसती बादली लावून. तिला फक्त फार थकल्यासारखं वाटलं. त्या पोलंडच्या बाईला ठाऊक नव्हतं की डॉ. ओव्हाळ आता नाहीत. आणि तिला हेही ठाऊक नव्हतं की डॉ. ओव्हाळ कधी नव्हतेच. ज्ञानदेव भिवा ओव्हाळ, एम.एस्सी., मुक्काम मूळचा माण, तालुका मुळशी. डॉक्टर ते फक्त या कार्डांवर होते.

"कुनाचं गं?" आतून आईने विचारलं.

"दादांचं. बाहेरदेशातून."

थोड्या वेळाने आई, सरूबाई, आतूनच म्हणाल्या, "त्यास्नी कोन सांगनार आता?"

दादा चिंचवडच्या एका औषध कंपनीत संशोधन विभागात होते. कंपनी क्षयावरचं इंजेक्शन बनवायची. त्या इंजेक्शनाने क्षय बरा व्हायचा, पण पुष्कळांच्या कानात घंटा वाजायला लागायच्या आणि मग एकेक आवाज विझत जायचा. कानातून मेंदूकडे जाणारी वाट औषधाने मरायची. ती वाट किती औषधाने मरते आणि किती औषधाने वाचते हे शोधायचं दादांचं काम. एका लांबट शेडमध्ये गिनीपिग ठेवलेले असायचे. अर्ध्यांना इंजेक्शन द्यायचं, अर्ध्यांना साधं मिठाचं पाणी. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या कानातला शंखासारखा भाग काढून, त्याचे पातळ काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत राहिलेल्या पेशी एकेक मोजायच्या. दादा मोजत. वीस वर्षं मोजत होते. घरी जेवतानाही कधीकधी त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकताना दिसायचा. लहानपणी नीलाला वाटायचं, ते गाथा म्हणतायत. एकदा तिने विचारलं तर ते ओशाळून हसले आणि म्हणाले, "दुपारची एक ओळ राहून गेली होती."

सोमवारी अर्जुनराव शितोळे येऊन गेले होते. डॉ. अर्जुनराव म्हणजे संशोधन विभागाचे प्रमुख, दादांचे साहेब. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. दादांच्या तसबिरीला हार घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला, कपबशी जमिनीवर कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. मग म्हणाले, "शनिवारी चार वाजता कॅन्टीनच्या हॉलमध्ये शोकसभा आहे. आणि प्राण्यांची नवी शेड, ते अ‍ॅनिमल हाऊस, बांधून झालंय, त्याला ज्ञानदेवांचं नाव द्यायचं ठरलंय. साधी गोष्ट नाही ही, नीला. डायरेक्टरांना मी सांगितलं, या माणसाचा पेपर जगभर वाचला जातो. ते म्हणाले, किती जणांनी उल्लेख केलाय ते सांगा, भाषणात घालतो. पुण्याला वैद्यकीय ग्रंथालयात ते जाडजूड खंड असतात बघ, कुणी कुणाचा दाखला दिला त्याची सूची. तू शिकलेली आहेस. जरा मोजून आणतेस का?" नीला हो म्हणाली. घरातलं माणूस गेल्यावर लोक सांगतील ते हो म्हणत जायचं, हे तिला आता जमायला लागलं होतं.

लेखाची घरात एकच प्रत उरली होती. लोखंडी कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत, दादांच्या वहीबरोबर. वही म्हणजे टपालाची नोंद: तारीख, नाव, गाव, देश, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. ती खूण नीलाची. आधी काही वर्षं जपून, कष्टाने काढलेली, मग हळूहळू सरावलेली. कारण प्रत्येक प्रतीबरोबर एक चिठ्ठी जायची आणि ती चिठ्ठी लिहायचं काम नीलाचं होतं. इंग्रजी तिला तेव्हा धड येत नव्हतं. दादा नमुना समोर ठेवायचे आणि ती चित्र काढावं तशी एकेक अक्षर उतरवायची. "अक्षर नीट काढ," ते म्हणायचे, "ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत. अक्षरावरूनच ओळखणार." दादांचं स्वतःचं अक्षर वाईट होतं. त्याची त्यांना लाज वाटायची. गावच्या शाळेत त्यांना पाटीला हात लावू द्यायच्या आधी व्हरांड्यात बसवलं जायचं, आणि व्हरांड्यात बसून जे शिकलं त्याचं अक्षर असंच येतं, असं ते एकदाच बोलले होते. त्या चिठ्ठीत काय लिहिलंय हे नीलाला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आभार मानलेले असतील.

चिठ्ठी सुरू झाली ती नळामुळे. तेव्हा नीला बारा वर्षांची होती. पिंपरीच्या हाउसिंग बोर्डाच्या चाळीतल्या याच दोन खोल्या. पहाटे नळाला पाणी यायचं, आणि दादा नेहमीप्रमाणे मोरीशेजारी बसून दाढी करत होते. आई बाहेरून ओरडत आली, "अवो, मोरी तुंबून पानी घरात आलं की! नळ चालू ऱ्हायलाय, आईकू येत न्हाई व्हय?" दादांनी खाली पाहिलं. पाणी त्यांच्या पाटाखालून वाहत होतं. नळ त्यांच्या कानापासून दोन हातांवर धो धो चालू होता. ते उठले, नळ बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. आई म्हणाली, "आता काय खेळ मांडलाय?" अर्ध्या दाढीनिशी, गालावर साबण तसाच, ते पाटावर बसून राहिले. मग नीलाला म्हणाले, "माझ्या मागं उभी राहा आणि चमचा वाजव. हळू. आता जोरात. आता दाराबाहेर जा आणि वाजव." ती वाजवत राहिली, ते बोट वर करत राहिले, आणि कितीतरी वेळा ती वाजवत असताना त्यांचं बोट खालीच होतं. तिला गंमत वाटली होती, हे तिला अजून आठवतं.

कंपनीतल्या मोठ्या टाक्यांत औषध आंबवताना सतत हवा सोडावी लागायची. त्यासाठी कॉम्प्रेसर होते, तिन्ही शिफ्टमध्ये चालणारे. प्राण्यांची शेड त्या कॉम्प्रेसरच्या भिंतीला भिंत लावून बांधलेली. जागा तिथेच होती म्हणून. दादा सहा वर्षं तिथे दिवसाचे आठ-नऊ तास बसत होते. ज्या आवाजाने दादांचे कान गेले तोच आवाज गिनीपिगही रात्रंदिवस ऐकत होते, इंजेक्शन घेणारे आणि न घेणारेही. म्हणजे तुलनेसाठी ज्यांना मिठाचं पाणी दिलं, ते कंट्रोल गटातले निरोगी गिनीपिग मुळात निरोगी नव्हतेच. त्यांच्याही पेशी मेलेल्या होत्या. दोन्ही गटांत फारसा फरक नाही, सबब एवढं औषध कानाला सुरक्षित, असं दादांनी आणि अर्जुनरावांनी मिळून छापलं होतं. तक्ता क्रमांक दोन. लेख छापून येऊन दोन महिने झाले होते. त्या सकाळी दादा अर्धी दाढी ठेवून कामावर गेले. दुरुस्तीची टीप लिहून त्यांनी अर्जुनरावांपुढे ठेवली. अर्जुनरावांनी ती वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली: "नवीन शेड होऊ दे, प्रयोग पुन्हा करू, मग छापू." एकट्याच्या सहीने टीप पाठवायची तरी कंपनीची परवानगी लागायची, आणि ती अर्जुनरावांच्याच हाती होती. नवीन शेड व्हायला चौदा वर्षं लागली. तोवर दादांच्या हातात एकच गोष्ट होती: जो प्रत मागेल त्याला खरं सांगायचं. *कंट्रोल गटातले प्राणी एअर कॉम्प्रेसरलगत ठेवले होते. आवाजामुळे त्यांचे कान आधीच निकामी झाले असावेत. कृपया तक्ता क्रमांक दोनवर विसंबू नये.* एवढीच चिठ्ठी. एवढंच नीला उतरवत होती, वळणदार अक्षरात, जीभ ओठावर ठेवून.

गुरुवारी, ती शिकवायची त्या शाळेत रजेचा अर्ज देऊन ती पुण्याला गेली. बसमध्ये मांडीवर वही होती. आकुर्डीच्या रस्त्यावर टेम्पोने दादांच्या सायकलीला जिथे उडवलं होतं ती जागा पुण्याच्या दिशेला नव्हती, याचं तिला बरं वाटलं. टेम्पोवाला पोलीस चौकीत पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी हॉर्न दिला हो ताई, आईशप्पथ, दोनदा दिला." त्याचं खरं होतं हे तिला माहीत होतं. तिने त्याला तसं सांगितलंही. तो तिच्याकडे बघतच राहिला.

ग्रंथालयातले खंड विटेएवढे जाड होते. पानांवर मुंग्यांची रांग असावी तसा बारीक टाइप. बोटाखाली पट्टी धरून ती एकेक वर्ष उलटत गेली. आधी तिला दादांचं नाव दिसेना, आणि मग दिसलं तेव्हा छातीत काहीतरी लकाकलं. परक्या नावांच्या गर्दीत, कुणाचीही जात, गाव, व्हरांडा न विचारणाऱ्या त्या रांगेत, ओव्हाळ. खाली ज्यांनी दाखला दिला त्यांची नावं. अडुसष्टला एकही नाही. एकोणसत्तरला दोन. सत्तरला पाच. मग दर वर्षी दोन, तीन, चार. मोजून एकतीस झाले. एकतीस. दादांना हा आकडा कधी कळला होता का? ते इथे कधी आले होते का? बहुतेक आले असतील. एखाद्या रविवारी, सायकल बाहेर लावून, याच बाकावर बसून, अंगठा पेरांवर. आणि मोजून झाल्यावर त्यांना काय वाटलं असेल, अभिमान की धास्ती, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

ती वही उघडून नावं ताडून पाहू लागली. एकतिसांतल्या सव्वीस जणांनी लेखाची प्रत कधी मागवलीच नव्हती. त्यांनी दुसऱ्याच्या लेखात नाव वाचलं आणि आपल्या लेखात घातलं असणार, हळदीकुंकवाची पुडी एका हातून दुसऱ्या हातात जावी तसं. वहीत सापडले ते पाच. त्यातले पहिले दोन, एकोणसत्तरचे, वहीत एकाच पानावर होते. पानाच्या वर तारीख होती १४ एप्रिल १९६८. नीलाने पट्टी खाली ठेवली.

ते पान ती ओळखत होती. ते पान ती तेरा वर्षं ओळखत होती. जयंतीचा दिवस. पिंपरीत सकाळपासून बँड वाजत होता. तिच्यासाठी पांढरं परकर-पोलकं शिवलं होतं, निळ्या काठाचं, आणि लेझीमच्या पहिल्या रांगेत तिची जागा होती. कार्डं साठली होती, दादांनी नऊ प्रती काढून ठेवल्या आणि म्हणाले, "एवढ्या चिठ्ठ्या लिहून मग जा. उद्या टपाल गेलंच पाहिजे." ते स्वतः मिरवणुकीच्या व्यवस्थेला गेले. खाली लेझीम सुरू झालं. छन् छन् छन्. ती एक चिठ्ठीही पुरी न करता उठली. नऊ पाकिटं डिंकाने चिकटवली, वहीत नऊ लाल खुणा केल्या, एकाखाली एक, घाईने, आणि जिन्यावरून धावत सुटली. संध्याकाळी दादांनी वही पाहिली, खुणा पाहिल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी." एवढंच. आठवीत गेल्यावर, इंग्रजी कळायला लागल्यावर, एक दिवस लिहितालिहिता ती चिठ्ठी तिला अचानक वाचता आली. पेन तसंच हातात राहिलं. सांगायला हवं होतं. ती रोज उद्या सांगू म्हणत राहिली, आणि मग ते उद्याच तिच्या अंगवळणी पडलं. आता सांगायला ते माणूसच नव्हतं.

कपाटातून तिने त्या दोघांपैकी एकाचा लेख काढवून घेतला. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला समजायला कठीण नव्हतं. चिंचवडच्या ओव्हाळ आणि शितोळे यांनी दाखवल्याप्रमाणे एवढं प्रमाण कानाला सुरक्षित आहे. बस. माणूस सभ्य होता, त्याने नाव नीट घातलं होतं. याच वाक्यावरून पुढचे सव्वीस निघाले असतील का? निघाले असतील किंवा नसतीलही. आणि त्यांच्या दवाखान्यांत किती जण कॉटवर बसून कानाशी चुटकी वाजवून बघत असतील? तिला मोजता येत नव्हतं. दादांना आलं असतं.

बंद व्हायची वेळ झाली होती. तरी तिने वहीतलं आणखी एक नाव काढलं, चेकोस्लोव्हाकियातल्या कुणा प्राध्यापकाचं, १९७२. त्याला चिठ्ठी नक्की गेली होती, तिला ती लिहिलेली आठवत होती. त्या दिवशी तिच्या बोटाला भाजलेलं होतं. लेखाच्या शेवटी, पानाच्या तळाशी, बारीक टाइपात एक टीप होती: ओव्हाळ यांनी पत्राने कळवल्यानुसार कंट्रोल प्राणी कॉम्प्रेसरलगत होते; त्यांच्या तक्ता क्रमांक दोनवर विसंबू नये. तिचंच वाक्य. तिने जीभ ओठावर ठेवून काढलेलं, परक्या देशात छापलेलं. कुणीतरी खरंच वाचलं होतं. सूचीत हाही एक दाखला म्हणूनच मोजला होता, एकतिसांतला एक, बाकीच्यांच्या शेजारी, तसाच. ग्रंथपाल दिवे घालवत येत होता. तेव्हा नीलाला रडू आलं. तो लांबच उभा राहिला आणि किल्ल्या न वाजवता थांबला.

शुक्रवारी दुपारी खंडूभाऊ दादांचं सामान घेऊन आले. ते चिखलीचे. प्राण्यांची शेड झाडणारे, त्यांना चारा घालणारे. डबा, चष्मा, आणि एक पितळेची लहान घंटा. ही वाजवली की ज्याचे कान शाबूत त्या गिनीपिगचा कान हलायचा. "सायेब मला कवाच नुसतं खंडू म्हनले न्हाईत," ते उंबऱ्यातच बसून म्हणाले. "मी त्यास्नी म्हनायचो, सायेब, ह्ये बिनशेपटीचं उंदीर घंटीला कान हालवत न्हाईत अन् तुमी पन न्हाई, मंग औशिद कुनाला टोचलं? लई हसायचे. पन नव्या शेडात परवा मी वाजवून बघितली, ताई. समद्यांचं कान हाललं. समद्यांचं! एक सायेबच न्हाईत बगाया." सरूबाईंनी पदर तोंडाला लावला. नीलाने घंटा हातात घेतली आणि तिचा लोलक बोटाने धरून ठेवला.

नंतर ती अर्जुनरावांच्या केबिनमध्ये गेली. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होताच. खिडकीची काच हळूहळू थरथरत होती.

"एकतीस," ती म्हणाली.

"काय सांगतेस!" अर्जुनरावांचा चेहरा उजळला. "एकतीस? आपल्या अख्ख्या विभागात कुणाचे दहा नाहीत."

"त्यातले बहुतेक तक्ता दोनसाठी आहेत, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. एकदम म्हातारे दिसले. "ज्ञानदेवांनी तुला सांगितलं होतं?"

"चिठ्ठ्या मी लिहायची. टीप अजून खणात असेल तर शनिवारी तीही वाचा. आकड्याबरोबर."

"शोकसभेत असं वाचत नाहीत, नीला. माणूस गेल्यावर त्याची चूक..."

"त्यांची चूक नाही. त्यांना ती सापडली होती. त्यांच्या सगळ्या कामात मला तेवढाच शोध वाटतो."

"आणि माझं काय? वर्षभरात मी घरी जाणार."

नीलाला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिच्या स्वतःच्या खणात न लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्या होत्या. "मग आकडा वाचू नका," ती म्हणाली. "नुसतं नाव द्या शेडला. तिथे आवाज येत नाही म्हणे."

ते काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी खालचा खण ओढला. तो अडकत होता; दोनदा ओढावा लागला. पिवळा पडलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला, तिच्याकडे सरकवला नाही, परत आतही ठेवला नाही. ती निघाली तेव्हा तो तसाच त्यांच्या दोन्ही हातांमध्ये होता.

शनिवारी सभेला अजून वेळ होता. सकाळच्या उन्हात, दारात पाट घेऊन नीला बसली. आधी तिने पोलंडच्या बाईचं पाकीट केलं. शेवटची प्रत आत घातली, चिठ्ठी घातली, आणि चिठ्ठीखाली एक ओळ वाढवली की लेखक गेले, पण हे त्यांचंच म्हणणं आहे. मग वहीतलं चौदा एप्रिलचं पान उघडलं. नऊ नावं, नऊ गावं. त्यातली किती माणसं जिवंत असतील, किती जागेवर असतील, देवाला ठाऊक. तिने तेरा वर्षांपूर्वीचे पत्ते उतरवायला घेतले. प्रत्येक चिठ्ठीत तेच वाक्य, आणि खाली: ही चिठ्ठी आपल्याला १९६८ सालीच मिळायला हवी होती, ती पाकिटात घालायची राहिली, दोष माझा. आणि सही स्वतःची.

सरूबाई मोरीतून भांडी घेऊन आल्या. "काय लिवतीस येवढं?"

"दादांची चिठ्ठी."

"अजून संपली न्हाई व्हय ती?"

"नऊ राहिल्या होत्या, आई. मी लिहिल्याच नव्हत्या. खोट्या खुणा केल्या होत्या."

आईने भांडी खाली ठेवली. तिने वहीतल्या लाल खुणांकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण खुणा कळत होत्या. मोरीतला नळ ठिबकत होता. ती आत गेली, तो घट्ट बंद केला आणि परत येऊन नीलाशेजारी जमिनीवर बसली.

"मंग लिव," ती म्हणाली. "अक्षर नीट काढ."